गेरूची रेषा, चुन्याची रेषा

आमच्या सिंधीपुऱ्यात शेजारच्या गजाननभाऊंच्या ओट्यावर दोन रेषा आहेत. एक गेरूची, एक चुन्याची, मध्ये चार बोटांचं अंतर. दूधवाल्याचा पाय गेरूवर पडला की भाऊ आतून म्हणतात, "देखके भैया, लोखंडाची लाइन आहे ती."

भाऊ बाण मारतात. धनुष्याचे नाही, हातानं फेकायचे, बोटाएवढे. डार्ट म्हणतात त्याला. चांदनी गावाकडे एका कारखान्यात नोकरीला होते, तिथल्या क्लबात ही खोड लागली. सकाळी लोखंडी टोकाचे बाण, काथ्याच्या बोर्डावर, गेरूच्या रेषेवरून. संध्याकाळी प्लास्टिकच्या टोकाचे, विजेच्या बोर्डावर, चुन्याच्या रेषेवरून, कारण त्याला जरा मागं उभं राहावं लागतं. लोखंडी बाण जड, प्लास्टिकचा हलका. म्हणून सकाळी बाण खाली जातो, संध्याकाळी वर. एकदा सकाळचा बाण माझ्या खाटेवर वाळत घातलेल्या केळीच्या वेफर्समध्ये घुसला. भाऊ म्हणाले, "बघा वहिनी, कसा मधोमध लागला."

मी म्हटलं, "कोणतंतरी एक धरा. दोन्हीपायी तुमचा हात बिघडला."

"हात बसू द्या, मग बघू."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. घराला रंग कधी देता? हात बसू द्या. दात कधी दाखवता? हात बसू द्या.

सकाळी तासभर चालतं. संध्याकाळी मात्र तीनच बाण. तीन मारले की खुर्चीत बसतात. बोर्डावर लाल दिवा लुकलुकत राहतो. थोड्या वेळानं बोर्ड आपोआप झोपतो. भाऊ उठतात, बटण दाबून त्याला जागं करतात, परत बसतात. मला वाटायचं, टोकं मोडतील म्हणून जपतात. माणूस चिकट आहेच.

त्यांना एकच मुलगी, वंदना. आई लवकर गेली, तेव्हा भाऊ तिला बरोबर क्लबात न्यायचे. तिथंच शिकली. हात बापापेक्षा सरस. इंदूरला सामने होते, तिला बोलावणं आलं, तर भाऊच म्हणाले, "मुलीनं बाण मारायला परगावी जायचं नाही." लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि तिथं खेळायला लागली.

मध्ये एका दिवाळीला आली ती हा विजेचा बोर्ड घेऊन. स्वतः खिळा ठोकून टांगला, दोघांचा डाव लावला, तीन-तीन बाणांची बारी. म्हणाली, "बाबा, पहिले तुम्ही." भाऊंचे तिन्ही बाण बोर्डाला लागून खाली पडले. मी ओट्यावरच होते. हसले असते तर निभावलं असतं. पण ते म्हणाले, "लोखंडाला भिणाऱ्यांचा खेळ आहे हा."

"मी कधी भ्याले, बाबा? भ्यालात तुम्ही." तिनं हातातले बाण खाली ठेवले आणि बॅग भरायला आत गेली.

तेव्हापासून तिचा फोन मला येतो. "काकू, बाबा जेवतात का?" जेवतात, म्हणते. भाऊंना म्हटलं, तुम्ही करा की फोन. "हात बसू द्या, वहिनी."

परवा मी सरळ विचारलं, "तीन बाण मारून बसून राहता, मग ते मशीन बंद का करत नाही?"

भाऊ दिव्याकडं बघत म्हणाले, "कसं करू? तिची बारी आहे."

वंदनाचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, त्यांना म्हणावं, मशीन बंद करा."

मी चौथी शिकलेली बाई. निरोप ऐकला तसा पोचवते, त्यात साखर घालत नाही. हा मात्र पोचवलेला नाही. संध्याकाळी खुर्चीत भाऊंना डुलकी लागते आणि बोर्ड झोपतो, तेव्हा बटण मीच दाबून येते.