सातव्या पायरीवरचा शेरा

सकाळी साडेआठला जेवणाच्या टेबलावर दोन कामं एकाच वेळी चालली होती. एका टोकाला लेक कपात चमचा गरगर फिरवत आईला काहीतरी सांगत होती, आणि दुसऱ्या टोकाला वडील तिचा राजीनामा लिहीत होते.

वडील इमारत तपासनीस होते. चौतीस वर्षं नोकरी करून गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. कचेरीत त्यांना सगळे 'शेरासाहेब' म्हणत, कारण बांधकामाचा कुठलाही कागद त्यांच्या लाल शाईचा शेरा अंगावर घेतल्याशिवाय पुढे सरकत नसे. 'जिन्याला कठडा नाही.' 'दार उलटे उघडते.' 'खिडकी आहे, उजेड नाही.' आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली दोन बोटं उंच होती! घराचं बांधकाम चालू असताना साहेब दुसऱ्यांचे जिने तपासत गावभर फिरत होते. मग ते राहिलं ते राहिलंच. येणारा प्रत्येक पाहुणा सातव्या पायरीवर ठेचकाळे आणि आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज येई, "सांभाळून!"

"आई, आज फैसला!" लेक सांगत होती. तिला घरात भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला लहानपणापासून ठाऊक नव्हतं. "मी बनवलाय ना गेममधला तो मनोरा, त्याच्या वर आमच्यातल्या एकालाही पोचता आलेलं नाही. आमचे दाढीवाले साहेब म्हणतात, मनोराच चुकलाय. मी म्हटलं, मनोरा बरोबर आहे, तुम्ही सगळे घाई करता. मग ठरलं, आज बाहेरचा एक माणूस बोलवायचा. आयुष्यात एकदाही गेम न खेळलेला. तो वर पोचला तर मी कायम."

"आणि नाही पोचला तर?"

"तर तीन महिन्यांची उमेदवारी संपली. टाटा."

"मग यांनाच ने की! यांनी कधी पत्त्यांना हात लावला नाही."

"बाबांना? ते पहिल्याच दारात परवाना मागतील! शिवाय घरची माणसं चालत नाहीत. उगाच कौतुक करतात."

"यांच्या बाबतीत ती भीती नाही," आई म्हणाली.

शेरासाहेबांनी यातलं अक्षरही ऐकलं नाही. ते 'सविनय' लिहावं की 'कृपया' लिहावं यात अडकले होते. भिंगरी जिना धडाधड उतरून गेली, सातवी पायरी सवयीने चुकवून, तेव्हा कुठे त्यांनी कागदाची घडी घातली.

"पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जागा आहे. सोमवारपासून. मोठ्या साहेबांशी बोललोय मी. हे राजीनाम्याचं पत्र तिच्या कंपनीत देऊन येतो, ती संध्याकाळी सही करेल."

"तिला विचारलंत?"

"विचारायचंय काय त्यात? खेळ म्हणजे काय नोकरी आहे? उद्या कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर काय सांगू? खेळते?"

"बनवते."

"तेच ते."

"तेच ते कसं? तुम्ही जन्मभर जिने तपासलेत, एक तरी बांधलात? ती बांधतेय."

हे जरा लागलं. शेरासाहेबांनी छत्री उचलली.

कंपनीच्या दारातच त्यांना पहिला शेरा सापडला. दारावर 'ढकला' लिहिलं होतं आणि दार ओढावं लागत होतं. आत भिंतीवर एकाच मांजराची शेसव्वाशे चित्रं लावली होती. हातात कंदील घेतलेलं मांजर, कंदील पडलेलं मांजर, कंदील विझल्यामुळे रुसलेलं मांजर. समोरच्या टेबलामागे एक मुलगी फोन कानाला लावून काकुळतीला आली होती. "असं काय करताय काका, येतो म्हणाला होतात ना? आता न खेळलेला माणूस कुठून आणू मी?"

तिने फोन ठेवला. शेरासाहेबांनी रस्ताभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"हे बघा, मी सरळ माणूस आहे. मी आयुष्यात एकही गेम खेळलेलो नाही, आणि—"

"काय सांगता!" मुलगी खुर्चीवरून उठलीच. "एकही नाही?"

"नाही."

"मोबाईलवरसुद्धा?"

"नाही म्हटलं ना! मी एक पत्र—"

"पत्रबित्र नंतर! देवासारखे आलात बघा. या, या. चहा सांगू?"

शेरासाहेब गोंधळले. तपासनीस दारात दिसला की माणसं मागच्या दाराने पळतात, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव. असं आगतस्वागत पहिल्यांदाच होत होतं. ते निमूटपणे तिच्या मागे निघाले. वाटेत एकजण डोळे मिटून पाण्याचा एकच थेंब पडल्याचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होता.

"नळ गळतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. विहिरीतला थेंब आणि बादलीतला थेंब वेगळा वाजतो. तो विहिरीतला शोधतोय. कालपासून."

"कालपासून?" शेरासाहेब थबकले. इतकं बारकाईने काम करणारा माणूस त्यांच्या कचेरीत एकच होता, आणि तो निवृत्त झाला होता.

आतल्या खोलीत भिंतीएवढा पडदा आणि समोर एक खुर्ची होती. कडेला वही घेऊन बसलेल्या चष्मेवालीने त्यांच्या हातात दोन्ही मुठींत धरायचं एक बटणांचं खेळणं दिलं. कुठल्या बटणाने चालायचं आणि कुठल्या बटणाने उडी मारायची, ते तिने दाखवलं.

"या मांजराला मनोऱ्यावर नेऊन वरचा दिवा लावायचा. जे वाटेल ते मोठ्याने बोला. आणि काका, चूक दिसली की लगेच सांगा. आम्हाला तेच हवंय."

चूक दिसली की लगेच सांगा! निवृत्तीनंतर असं त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. घरी तर 'आता पुरे' एवढंच म्हणत. शेरासाहेबांच्या अंगात वीज खेळली. पत्र द्यायचं ते विसरलेच. खिशातून घडी काढली, उलटी करून कोऱ्या बाजूने मांडीवर पसरली आणि लाल पेनचं टोपण उघडलं.

"तोंडी नाही. लेखी देतो."

मांजर चालू लागलं.

"एक. मांजराला कंदील कशाला? मांजराला अंधारात दिसतं."

चष्मेवालीने वहीवरून मान वर केली. "अरेच्चा! हे कुणाच्याच लक्षात नाही आलं."

तेवढ्यात मांजर विहिरीत पडलं.

"मेलं?" शेरासाहेब ओरडले.

"परत येतं काका. काळजी करू नका."

"काळजी करू नका काय? दोन. विहिरीला कठडा नाही. तीन. धोक्याची पाटी नाही. चार. मांजर पडल्यावर कोणी धावून आलं नाही!"

अकराव्या शेऱ्यापर्यंत खोलीत दाढीवाले साहेब येऊन उभे राहिले होते. चौदाव्याला थेंबवालाही आला. शेरासाहेबांना पत्ता नव्हता. ते आता खुर्चीच्या टोकावर आले होते. मांजर वळलं की तेही वळत, मांजर वाकलं की तेही वाकत.

मग मनोऱ्याचा जिना आला.

"इथे सगळे उड्या मारत वर जातात," चष्मेवाली दाढीवाल्यांच्या कानात कुजबुजली. "आणि वर दार बंद."

"जिना हा चढायचा असतो," शेरासाहेब मांजराला म्हणाले. "उड्या नाही मारायच्या. हं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा..."

मांजर ठेचकाळलं.

"थांबा!" शेरासाहेब उभेच राहिले. "सातवी पायरी उंच आहे!"

"सगळ्या सारख्याच दिसतात की," दाढीवाले म्हणाले.

"दिसतात! पायाला विचारा! चांगली दोन बोटं उंच आहे. थांबा, खात्री करतो."

त्यांनी मांजराला खाली आणलं, पुन्हा मोजत वर नेलं. मांजर पुन्हा ठेचकाळलं. तपासणी तीनदा करायची हा त्यांचा जुना नियम, म्हणून तिसऱ्यांदा नेलं. तिसरी ठेच लागली आणि सातवी पायरी कपाटाच्या खणासारखी सर्रकन बाहेर आली. तिच्यामागे एक लहानसं दार होतं.

खोलीत एकच गलका झाला. "दार! दार सापडलं!" थेंबवाल्याने चष्मेवालीला मिठीच मारली. "तीन आठवडे डोकं आपटतोय आम्ही!"

"गप्प बसा जरा," शेरासाहेब म्हणाले. "तपासणी चालू आहे."

दारातून आत गेल्यावर एक टेबल होतं. टेबलामागे चष्मा लावलेलं एक घुबड, पंजात लाल पेन.

"परवाना?" घुबड म्हणालं.

"कसला परवाना? मांजराला परवाना?"

"असं कसं चालेल? आधी कागद, मग बोलणं."

"मला कागद शिकवतोस? चौतीस वर्षं मी—"

"शेरा मारावा लागेल."

"काय उद्धट प्राणी आहे हा!" शेरासाहेब भडकले. "याला कामावर ठेवलं कोणी? घरची माणसं कशी राहतात याच्याबरोबर?"

चष्मेवालीने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा शेरासाहेबांकडे. डोळे मिटले तर कोण कोणाशी भांडतंय ते कळायला मार्ग नव्हता. तोच खरखरीत आवाज, 'कसं'वरचा तोच हेल. तिने दाढीवाल्यांना कोपराने ढोसलं. दाढीवाले हळूच खोलीबाहेर गेले. ज्याने भाग बनवला त्याने तपासणीच्या वेळी खोलीत यायचं नाही, असा तिथला नियम होता. म्हणून भिंगरी पलीकडच्या खोलीत नखं खात बसली होती.

इकडे घुबडाने मांजराला चार वेळा चोचीने ढकलून बाहेर काढलं होतं. शेरासाहेबांनी सगळी बटणं दाबून बघितली. उड्या मारल्या, कंदील दाखवला, टेबलाभोवती फेऱ्या घातल्या. पाचव्या वेळी त्यांनी बटणांचं खेळणं मांडीवर ठेवलं आणि हाताची घडी घातली.

"ठीक आहे. मी पण हलत नाही. बघू कोण आधी कंटाळतं ते."

मांजर घुबडासमोर उभं राहिलं. दाढीवाल्यांबरोबर भिंगरी दारात आली, खुर्चीतलं टक्कल तिने पाठमोरंच ओळखलं आणि तोंडावर हात दाबून ती तिथेच थांबली. अर्धं मिनिट गेलं. घुबडाने कागद चाळले. एक मिनिट गेलं. घुबडाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मांजर उभंच. शेवटी घुबड खाकरलं.

"बरं," ते खालच्या आवाजात म्हणालं. "जा. पण सांभाळून."

शेरासाहेबांच्या हाताची घडी सुटली. माणसाला स्वतःचा ओरडा ओळखू येत नाही. पण हा एक शब्द ते वीस वर्षं आतल्या खोलीतून जिन्याकडे टाकत आले होते. तो त्यांनी ओळखला. त्यांनी सावकाश मागे वळून बघितलं.

"भिंगरे... हा मी आहे?"

"थोडासा," लेक दारातूनच म्हणाली. "आवाज मात्र सगळा तुमचा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला होता मी."

"इतकं वाईट बोलतो मी?"

"वाईट नाही हो बाबा. फक्त समोरच्याने जरा धीराने उभं राहायचं असतं. मग तुम्ही सोडता. हे मला माहितीये, यांना कसं माहीत असणार?"

शेरासाहेबांनी घाईघाईने पडद्याकडे तोंड फिरवलं. "थांब. दिवा लावायचा राहिलाय." मांजर चोरवाटेने वर पोचलं, दिवा पेटला, सगळा मनोरा पिवळ्या उजेडाने भरला आणि खोलीत अशा टाळ्या पडल्या की शेजारच्या कचेरीतली माणसं डोकावून गेली.

"पण हे तुझे वडील निघाले," दाढीवाले डोकं खाजवत म्हणाले. "घरची माणसं चालत नाहीत. कौतुक करतात."

"यांनी एकोणीस चुका काढल्यात," चष्मेवाली म्हणाली. "याला कौतुक म्हणायचं असेल तर म्हणा."

दाढीवाल्यांनी शेऱ्यांचा कागद उचलला, एकोणीसच्या एकोणीस वाचले, खूश होऊन मान डोलावली आणि सहज कागद उलटला. त्यांची मान थांबली.

"'सविनय विनंती की, मला या नोकरीतून मुक्त करावे...' हे काय?"

भिंगरीने कागद हातात घेतला. खोलीतला सगळा आनंद एका क्षणात जमिनीवर बसला.

"बाबा, हे तुमचं अक्षर आहे."

"हो. सही तुझी राहिली होती." शेरासाहेबांनी कागद परत मागून घेतला. लाल पेनचं टोपण उघडलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं लिहिलं, खाली स्वतःची लांबलचक सही ठोकली आणि कागद दाढीवाल्यांसमोर धरला.

शेरा होता : 'अर्जात तथ्य नाही. मुलीची नेमणूक कायम करण्यास हरकत नाही.'

"माझीही नाही," दाढीवाले म्हणाले.

दुपारी शेरासाहेब घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती.

"दिलंत पत्र?" तिने आतूनच विचारलं.

"दिलं."

"घेतलं त्यांनी?"

"मागची बाजू घेतली. मंगळवारी परत बोलावलंय. पुढचा भाग विहिरीत आहे."

"कुठे?"

जिन्यावर पावलं वाजली. सहा पावलं, मग एक ठेच. पावलं खाली गेली, पुन्हा वर आली. पुन्हा ठेच. हात पुसत ती बाहेर येऊन बघते तो काय, साहेब सातव्या पायरीवर गुडघे टेकून, कान लावून, बोटाने टकटक करत होते.

"अहो, काय हरवलंय?"

"काही नाही," असं म्हणून शेरासाहेब उठले, छत्री कठड्याला अडकवली आणि तिसऱ्यांदा चढण्यासाठी जिना उतरू लागले.

बायकोने वरून बराच वेळ बघितलं. मग आत जाता जाता ती ओरडली, "सांभाळून!"