कुंडीतली नोकरी

हर्षदा कुलथेने गॅलरीत लावलेली नोकरी काही केल्या वीतभरापलीकडे वाढेना. शेणखत घालून झालं, कांद्याच्या सालींचं पाणी घालून झालं, कुंडी सकाळच्या उन्हाकडे वळवून झाली. रोप आपलं जिथल्या तिथे. मरत नव्हतं आणि वाढतही नव्हतं.

नाशिकच्या त्या सोसायटीत प्रत्येकाच्या गॅलरीत एक तरी नोकरी होती. तुळशीला पाणी घालून झालं की तांब्यात उरलेलं हिच्या बुंध्याशी. हातातली नोकरी कधी जाईल याचा भरवसा उरला नव्हता, तेव्हा घरात एक तयार असलेली बरी, असं सगळ्यांचंच मत पडलं होतं. बियाणं बाजारात पाकिटातून मिळे. पाकिटावर टाय लावलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र असे, पण आत काय आहे ते फूल आल्याशिवाय कळत नसे. कळी उमलली की थोड्याच वेळात फोन येई, आणि जी नोकरी उगवली असेल ती मुकाट्याने घ्यावी लागे. दुसऱ्या मजल्यावरच्या आगाश्यांना पोहण्याच्या तलावावर शिक्षकाची नोकरी आली. आगाश्यांना पोहता येत नाही. ते छत्री घेऊन काठावर उभे राहतात आणि हात कसे मारायचे ते मुलांना सांगतात. मुलं पोहायला शिकली आणि आगाश्यांचं वजनही वाढलं.

हर्षदाला मात्र घोर लागला होता. ती औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कंपनीत होती. झाकण घट्ट बसतं की नाही, हे तपासणं तिचं काम. कॉलेज संपल्यापासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. घरी ती आणि तिची आई कुमुदताई, आणि दोघींचं घर हर्षदाच्या पगारावर चालायचं. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली होती. कँटीनमध्ये दुसऱ्यांदा भात मिळेनासा झाला आणि साहेब लोक उगाचच गोड बोलायला लागले, तेव्हा कुणकुणीची खात्री झाली. आपल्याला झाकणांपलीकडे काहीच येत नाही. आपल्याला कोण घेणार, या विचाराने तिचं जेवण कमी झालं.

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी भडकमकर आले.

"कुलथे मॅडम, तक्रार आहे. तुमच्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या नोकरीवर पडतं."

"किती पडतं?"

"पडतं एवढं खरं. उद्या त्यांची नोकरी सडली तर जबाबदार कोण?"

"कुंडीखाली ताटली ठेवते."

"ठेवा." भडकमकरांनी वाकून रोपाकडे पाहिलं. "हे एवढंच आहे होय? मग ताटलीऐवजी बशी पुरेल."

ते गेल्यावर हर्षदा गॅलरीत उभी राहून रडली. बशी हा शब्द तिला फार लागला होता.

"रडतेस काय?" कुमुदताई म्हणाल्या. "अगं, विकतचं कधी धड लागतं का? मनीप्लांट कसा चोरूनच आणावा लागतो, तसंच हेही. कुणाच्या तरी भरल्या झाडाची फांदी आणायची, न विचारता."

"मागून आणली तर?"

"मागितलेली लागत नाही. आणि आणताना मागे वळून बघायचं नाही."

भरलेलं झाड म्हणजे शेजारच्या पेठकरांचं. ते हर्षदाच्याच कंपनीत एचआरला होते. पूर्वी स्टोअरमध्ये खोकी मोजायचे. मग गॅलरीतल्या झाडाला फूल आलं आणि त्यातून त्यांना ही मोठी नोकरी लागली. झाड तेव्हापासून जे माजलं होतं ते थेट छतापर्यंत. कंपनीतून कुणाला काढायचं झालं की त्याला केबिनमध्ये बोलावून ते सांगणं, हे पेठकरांचं काम. ते दिसले की लोक जिना बदलत.

कुमुदताईंनी दुपारी शेजारी जाऊन पेठकरवहिनींना कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारलं. स्वतः गेली चाळीस वर्षं लोणचं घालणाऱ्या बाईने मोहरी किती आणि मेथी किती हे इतक्या भाबडेपणाने विचारलं, की पेठकरवहिनी खूश होऊन पाट घेऊनच बसल्या. तोवर हर्षदाने दोन गॅलऱ्यांमधल्या कठड्यावरून हात घातला, स्वयंपाकघरातल्या कात्रीने एक फांदी कापली, ओढणीत गुंडाळली आणि मागे न बघता आत आली. जन्मात तिने कुणाच्या दारचं फूलदेखील तोडलं नव्हतं.

कुंडीत खोचलेल्या फांदीने दुसऱ्याच दिवशी मूळ धरलं. चौथ्या दिवशी पालवी फुटली. रोप इतकं भराभर वर आलं की भडकमकर येऊन बशी काढून ताटली ठेवायला सांगून गेले. आपण कुणाच्या झाडाची फांदी आणली, याचा विचार मायलेकींपैकी एकीनेही केला नव्हता. झाड भरलेलं आहे, एवढंच दोघींनी पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी दोघी पोहे खात असताना कळी उमलली. फूल पांढरं होतं, वास बेताचा होता. कुमुदताईंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं तोच फोन वाजला. फोनवर हर्षदाच्याच कंपनीचे मोठे साहेब, साळवी, होते.

"अभिनंदन. आजपासून एचआरला या. माणसं कमी करायची आहेत, ते सांगायचं काम तुमचं."

"बरं, साहेब. सुरुवात कुणापासून?"

"पहिलं नाव हर्षदा कुलथे, तपासणी विभाग."

"म्हणजे मी."

"हो. जुनी आहे. तिला जरा नीट सांगा."

"सांगते," हर्षदा म्हणाली.

केबिन छोटी होती. टेबल, पाण्याचा ग्लास, या बाजूला एक खुर्ची, त्या बाजूला एक. हर्षदाने दार उघडून बाहेर नाव पुकारलं. कुणी उठलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ती बाहेर गेली, दारावर टकटक करून आत आली आणि त्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मग उठून या बाजूला आली.

"पाणी घ्या, मॅडम," ती म्हणाली. आणि त्या बाजूला जाऊन तिने पाणी घेतलं.

"तुम्हाला कमी करण्यात आलं आहे."

"माझं काम वाईट होतं का?"

हर्षदा या बाजूला येऊन बसली. कंपनीने असा प्रश्न विचारला जाईल हे गृहीत धरलं नव्हतं, त्यामुळे उत्तरही ठरवून दिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या हातून सैल झाकण कधी बाहेर गेलं नाही. काम फार चांगलं होतं."

त्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन तिने हे ऐकलं आणि तिला रडू आलं. एवढ्या वर्षांत कंपनीतलं कुणी हे तिला म्हणालं नव्हतं. पोटभर रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं, स्वतःला नमस्कार केला आणि पुढचं नाव पुकारलं. ते पेठकरांचं होतं.

पेठकर आले. त्यांनी तिला पाहिलं, टेबल पाहिलं, आणि सवयीने या बाजूला येऊ लागले. मग थांबून त्या बाजूला बसले.

"इथून खिडकी दिसत नाही," ते म्हणाले. "माझ्या कधी लक्षात आलं नाही."

"पेठकर साहेब, एका कामाला दोन माणसं झालीत. त्यामुळे तुम्हाला कमी करण्यात आलं आहे."

"फांदी तुम्ही नेलीत."

"हो."

"मंडळी म्हणालीच, कुमुदताई लोणच्याचं कशाला विचारतात." पेठकर पाणी प्यायले. राग त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि बसायला जागा न मिळाल्यासारखा निघून गेला. "माझं काम कसं होतं?"

"तुम्ही सगळ्यांना खरं सांगायचात. चांगलं होतं."

पेठकरांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं.

"आमच्या झाडाला पुन्हा कळी धरलीय," ते म्हणाले. "जोमाचं झाड आहे. तीच नोकरी पुन्हा येणार."

"कधी उमलेल?"

"गणपती उठले की. मग कामाला परत दोन माणसं होतील, आणि तुम्हाला इथे बसावं लागेल."

"म्हणजे गणपतीपर्यंत मी आहे?"

"नक्की. तोवर कुणी हात लावणार नाही."

हर्षदाने सुस्कारा सोडला. नोकरी किती दिवस टिकेल, हे आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी स्पष्ट सांगितलं होतं. तिला एकदम सडकून भूक लागली. तिने पेठकरांना दारापर्यंत सोडलं, त्यांचे आभार मानले, आणि डबा उघडून दोन घास खाल्ल्यावर पुढचं नाव पुकारलं.