दुसऱ्या अंतऱ्याची चूक

बाबारावांनी जरीपटक्याच्या बाजारातून आणलेलं यंत्र दिवाणावर ठेवलं आणि प्लग लावायला हात पुढे केला, तेवढ्यात शोभाताई आतून ओरडल्या, "थांबा! पूजा नाही, काही नाही, लावलं लगेच?"

"अवं, सेकंडहँड आहे ते. याची पूजा याच्या पहिल्या मालकानं केली असंन."

"त्याच्या घरची त्याच्याजवळ. आपल्या घरी तं आजच आलं ना?"

मग हळदीकुंकू झालं. स्टीलच्या डब्यातले चिमूटभर तांदूळ कुंकवात घोळून अक्षता वाहिल्या गेल्या. त्या यंत्राच्या कपाळावर, म्हणजे समोरच्या पट्टीवर पडल्या आणि इकडे तिकडे सांडल्या. बाबारावांनी फुंकर मारून यंत्र साफ केलं.

हा स्टीलचा डबा म्हणजे घरातल्या भांडणाचं मूळ होतं. छत्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, कन्हानच्या गणेशोत्सवातल्या गाण्याच्या स्पर्धेत शोभाताई गायल्या होत्या आणि बाबारावांनी तबला वाजवला होता. दुसऱ्या अंतऱ्यात काहीतरी घसरलं आणि पहिला नंबर गेला. दुसऱ्या नंबराला डबा मिळाला. बाबाराव म्हणत, शोभा तालात चुकली. शोभाताई म्हणत, तबला चुकला. बाबारावांचा आवाज मोठा, शिवाय पाहुण्यांसमोर किस्सा रंगवण्याची हौस दांडगी, त्यामुळे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत चूक शोभाताईंच्याच नावावर लागली. त्यानंतर त्या चारचौघांत कधी गायल्या नाहीत.

आता सोसायटीच्या बायकांनी रविवारच्या कार्यक्रमात गाण्याचा आग्रह धरला होता, आणि नेमकी त्याच आठवड्यात माळ्यावर त्या स्पर्धेची कॅसेट सापडली. "कॅसेटमंधे चूक माझी निघाली तर नाही गाणार," शोभाताईंनी जाहीर केलं. "तुमची निघाली तर गाईन."

बाबारावांना न्याय बारकाईने व्हायला हवा होता. मुलाचा, पियूषचा, जुना भलामोठा हेडफोन घरात होता. त्याला शोभेलसं, घरच्या जुन्या टेपला जोडून आवाज वाढवणारं यंत्र मिळालं. "अंकल, इसमें सांस भी सुनाई देगी," असं दुकानदाराने सांगितलं होतं. माहितीपुस्तक मात्र नव्हतं. कंपनीच्या नावाची पट्टीही उखडलेली होती. समोर तीन भोकं होती: एक बारीक, एक जाड आणि एक चार टाचण्यांचं. शिवाय तीन बटणं होती आणि त्यांवरची अक्षरं पुसून गेलेली.

पहिल्याच बटणाला कानात असा धमाका झाला की बाबारावांचा चष्मा चहात पडला. त्यांनी यंत्राचा फोटो पाठवून पुण्याला पियूषला फोन लावला.

"बाबा, फोटोवरून तं बॅलन्स्ड अँप्लिफायर दिसून राहिला. त्याच्यात डाव्या कानाले वेगळी वाट, उजव्याले वेगळी. ते चार पिनवालं त्याच्यासाठी. आपला हेडफोन साधा आहे. तो जाड भोकात लावा."

"तिथंच लावला ना गा."

"पूर्ण गेला का?"

"दाबला तेवढा गेला."

आवाज सुरू झाला. तबला ऐकू आला, पेटी ऐकू आली, श्रोत्यांतलं कोणीतरी खोकलं तेही आलं. शोभाताई मात्र आल्या नाहीत. गाणं सुरू होतं आणि गाणारी गायब होती.

बाबाराव कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते. अडचण आली की रजिस्टर उघडायचं, ही चौतीस वर्षांची सवय. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले आणि स्वतःच माहितीपुस्तक लिहायला घेतलं. ‘बटण १ वर, २ खाली, ३ खाली: गायिका अनुपस्थित. बटण १ खाली, २ वर, ३ खाली: गायिका अनुपस्थित, तबला जोरात.’ दोन दिवसांत आठही तऱ्हा झाल्या. शोभाताई कुठेच सापडल्या नाहीत.

"छत्तीस वर्षं माझं ऐकलं नाही," त्या भाजी निवडत म्हणाल्या, "आता मशीनीनं बी ऐकणं बंद केलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबाराव पुन्हा कॅसेट ऐकत होते. आता गाणं ऐकू येतच नव्हतं, तर त्यांनी निवांत स्वतःचा तबला ऐकायला घेतला. फार गोड वाजत होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी त्या तरुण बाबारावाने एक तिहाई घेतली. कोणी सांगितली नव्हती, घेतली. तीन वेळा तोच तुकडा वाजवून समेवर यायचं, तर स्वारी आली एक मात्रा उशिरा.

बाबारावांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा बोटांवर मात्रा मोजल्या. सात वेळा मोजल्या. डायरीत ‘तबला एक मात्रा’ एवढं लिहिलं आणि खोडलं.

"काय ऐकू आलं?" शोभाताईंनी विचारलं.

"काही नाही. मशीनच खराब आहे. वापस करतो."

"वापस काहून? सुमंतभाऊले दाखवू. मी बी येते."

सुमंतभाऊंचं कामठीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती कॅसेट त्यांनीच भरली होती. दोघं ऑटोत बसून गेली, यंत्र बाबारावांच्या मांडीवर, कॅसेट आणि हेडफोन शोभाताईंच्या पिशवीत. सुमंतभाऊंनी जाड भोकात टॉर्च मारला, चिमटा घातला आणि एक लाल दाणा बाहेर काढला.

"वहिनी, हा तुमच्या घरचा?"

शोभाताईंनी कुंकू ओळखलं आणि पदर तोंडाला लावला.

"पिन याच्यावर अडकून बाहेर राहिली, तं दोन्ही कानांची सामाईक तिसरी तार टेकलीच नाही," सुमंतभाऊ म्हणाले. "असं झालं की दोन्ही कानांत जे सारखं असते, ते एकमेकाले खाऊन टाकते. तेव्हा मी एक माईक तबल्याकडे लावला होता, एक पेटीकडे. वहिनी मधात होत्या. त्या गेल्या, तबला अन् पेटी उरली. हा घ्या बाबाराव, प्रसाद." त्यांनी दाणा कागदाच्या पुडीत बांधून दिला.

दुकानातल्या टेपवर कॅसेट लावली, तर आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. शोभाताईंनी हेडफोन लावून डोळे मिटले. दुसरा अंतरा आला तसे त्यांनी डोळे उघडले. "मीच घसरली," त्या हळूच म्हणाल्या. "‘पाखरा’ शब्द एक मात्रा जास्त ताणला. तुमचंच खरं होतं."

बाबाराव जिंकले होते. ऑटोत शोभाताई बाहेर बघत बसल्या होत्या. "बायकांना सांगून देते, रविवारचं जमणार नाही म्हणून," एवढंच बोलल्या. खिशातली पुडी बाबारावांना टोचल्यासारखी वाटत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी खरी लाज.

घरी आल्यावर त्यांनी यंत्र मांडलं, पुडी सोडली, दाणा जाड भोकात टाकला आणि वरून पिन दाबली.

"हे काय करून राहिले?"

"तू ऐक."

शोभाताईंनी हेडफोन लावला. "मी कुठं आहो?"

"तू नाहीस. मीच आहो एकटा. मात्रा मोज."

त्या मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागल्या. अंतऱ्याशी बोटं थांबली. त्यांनी कॅसेट मागे घेतली, पुन्हा मोजलं. मग हेडफोन उतरवून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मी उशिरा आलो," बाबाराव म्हणाले. "तू तो शब्द धरून माझ्यासाठी थांबली होतीस. आणि मी छत्तीस वर्षं सोयऱ्याधायऱ्यांत..."

शोभाताई उठल्या, डबा उघडून कुकरसाठी तांदूळ मोजून घेतले आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "रविवारी गाईन मी. तबला तुम्हीच वाजवा. पण सरळ ठेका. तिहाई नको."

"नाही घेत."

"आणि अहो..."

"काय वं?"

"तो दाणा काढू नका. पाहुणे आले की ऐकवायले लागंन."