घोंगडीचं इंग्रजी

आमच्या पाथरीत कुणी वारलं की श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायला माणसं माझ्या दुकानात येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ तौर सर येतात. मयताशी ओळख असो वा नसो. फ्लेक्सवर इंग्रजीची एक जरी ओळ असली, तरी ती तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्तीनंतर सगळं गावच त्यांचा वर्ग.

एकदा एकानं चुलत्याच्या फ्लेक्सवर 'हॅपी जर्नी' टाकायला सांगितलं. सर खुर्चीतून उठलेच.

"इंग्रज मेलेल्या माणसाला असं म्हणंल का?"

"सर, आमचा चुलता कुठं इंग्रज व्हता?" तो रडवेला होऊन म्हणाला.

सरांनी ओळ बदलायला लावली. मला त्यांचा भारी राग आला. दुःखातल्या माणसाचा कसला पेपर तपासता? पण बोलणार कोण? तो त्यांचा विद्यार्थी, आणि मीही.

घरीसुद्धा हेच. त्यांच्या पत्नी कमलबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. सरांनी त्यांना इंग्रजी शिकवलं ते खास भांडणासाठी, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. भांडण रंगात आलं की सर हात वर करून त्यांचं वाक्य दुरुस्त करायचे, आणि बाई दुरुस्त वाक्यानं पुन्हा भांडायच्या. अख्खी गल्ली कान लावून ऐकायची. गेल्या वर्षी कमलबाई परभणीच्या दवाखान्यात वारल्या. त्यांच्या फ्लेक्सवर मात्र सरांनी इंग्रजीचं एक अक्षर येऊ दिलं नाही. मला नवल वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा पेडगावच्या रुक्मिणबाई दुकानात आल्या. मेंढ्या राखणाऱ्या घरांतल्या बायकांनी मिळून घोंगड्यांची कंपनी काढलीय, तिच्या या अध्यक्ष. माल दिल्लीच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि लेबलावरचं कंपनीचं वाक्य इंग्रजीतही हवं होतं. वाक्य होतं, 'बसा, घाई कशाची?'

"आमच्यात दारात कुणीबी येऊ द्या," त्या म्हणाल्या, "पाण्याच्या आधी घोंगडं टाकतेत अन् बसा म्हणतेत. तेच पायजे बगा. सोमवारी माल जायलाय."

सरांना आयतंच सापडलं. 'प्लीज बी सीटेड' लिहिलं आणि खोडलं, म्हणे हे ऑफिसातला साहेब म्हणतो. 'टेक अ सीट' म्हणे दाताच्या डॉक्टरचं. 'व्हाय हरी' तर म्हणे घाटातल्या पाटीवर शोभंल. प्रत्येक ओळीला तोच सवाल, इंग्रज असं म्हणंल का? पाच दिवस हेच चाललं. माझं दुसरं काम तुंबलं. शनिवारी रुक्मिणबाई पुन्हा येऊन बाकावर बसल्या.

"सर, तुमी इतका इचार करायलाव. तुमी सवता कुणाला कधी म्हणलाव का न्हाई, बसा, घाई कशाची? तसंच लिवा की."

सरांनी पेन खाली ठेवलं. 

"नाही म्हणलो," ते म्हणाले. "म्हणायला पाहिजे होतं. दवाखान्यात कमलनं माझा हात धरला आणि इंग्रजीत म्हणाली, मी आता जाते. वाक्य चुकलं होतं. मी दुरुस्त केलं. तिनं पुन्हा नीट म्हणून दाखवलं. मी शाबास म्हणलो. त्याच्यानंतर ती बोललीच नाही."

इतकी वर्षं या माणसाचा राग केला, त्याची मला लाज वाटली. रुक्मिणबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मंग तुमी त्यांना काय म्हणायला पायजे व्हतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"स्टे अ लिटल लाँगर."

"म्हंजे?"

"अजून थोडा वेळ थांब."

"आमी तरी दुसरं काय म्हणतो सर," रुक्मिणबाई म्हणाल्या.

मी ओळ टाइप केली.  सरांनी स्क्रीनजवळ येऊन ती वाचली, पुन्हा वाचली.

"बरोबर आहे. छाप," ते म्हणाले. "पण मी गेल्यावर."

"थांबा की सर, च्या सांगितलाय," रुक्मिणबाई म्हणाल्या. सर पायरी उतरून गेलेसुद्धा. रस्ता ओलांडून ते दिसेनासे होईपर्यंत मी प्रिंटरला हात लावला नाही.