तक्रार नसलेला शनिवार

ताईच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसलेला धाकटा काय करतोय, हे इस्पितळातल्या त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळी त्याला बाहेर नेऊन हलक्या आवाजात सांगितलं होतं, "आता जवळच राहा." आईमागे ताईनेच त्याला वाढवलं होतं. आज काहीही होवो, तिच्याजवळून हलायचं नाही, एवढा एकच नेम त्याने मनाशी केला होता.

नेम मोडायला ऑफिस टपलेलंच होतं. तिथल्या तळघरात नेटवर्कचा स्विच होता. सगळ्या मजल्यांच्या तारा त्या एका डब्यात येऊन मिळत, आणि डबा रोज काही ना काही कारणाने रुसत असे. साहेबांचा दंडक असा, की तक्रार ऑफिसच्या संगणकावरच नोंदवायची. तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. नोंद झाली की धाकट्याचा मोबाइल टुणकन वाजे आणि तो धावत सुटे.

"म्हणून इथूनच त्या डब्यात शिरायची सोय करतोय," तो म्हणाला. "एसएसएच म्हणतात. कुलूपबंद वाट. मधे कुणी कान लावला तरी काही कळायचं नाही."

"मी शेजारी पडून ऐकतेय," ताई म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय?"

जुनी, उघडी वाट होती, तिनेच तो आत शिरला होता. आधी नवी किल्ली घडवायची, मग जुनं दार लावायचं, हा क्रम त्याने कितीजणांना शिकवला असेल. पण मधेच ताईला ठसका लागला. तिला पाणी पाजून तो वळला, त्याच तंद्रीत जुनं दार लावून बाहेर पडला, आणि नव्या वाटेने शिरायला गेला तर वाटच नाही.

"काय झालं रे?"

"कुलूप लावलं, किल्ली करायचीच राहिली."

"आत कोण अडकलंय?"

"कुणी नाही. मीच बाहेर."

ताई हसली, आणि हसून दमली.

त्याने ऑफिसच्या पहारेकऱ्याला, म्हणजे मामांना, फोन लावला. "मामा, तळघरातल्या डब्याचा प्लग काढा, जरा थांबा, परत लावा." पक्का, म्हणजे सेव्ह न केलेला बदल डबा पुन्हा सुरू होताना विसरतो, म्हणजे दार आपोआप उघडणार. विचार बरोबर होता. फक्त वर्षभरातलं सगळंच काम त्याने 'उद्या पक्कं करू' म्हणून तसंच ठेवलं होतं, तेही डबा विसरला.

"केलं हो," मामा म्हणाले. "हिरवे दिवे लागलेत. छान दिसतंय."

धाकट्याला आत शिरता येईना. तो बूट चढवू लागला. "ताई, जाऊन येतो पटकन. सगळं नेटवर्कच पडलं असणार, आता बोंब होईल."

"झाली का?"

त्याने मोबाइल पाहिला. "अजून नाही."

"मग झाली की जा. न झालेल्या बोंबेला कशाला धावतोस?"

तो बूट घालूनच बसला. मोबाइल गप्प. दुपार कलली तरी गप्प. ताईने केस विंचरून मागितले.

"भांग नागमोडी काढलास ना?"

"सरळ आहे."

"खोटारडा." तिने त्याचा हात धरला आणि डोळे मिटले. ते तिने पुन्हा उघडले नाहीत. बराच वेळ त्याने हात सोडवून घेतला नाही.

सोमवारी दौऱ्यावरून आलेले साहेब त्याला ऑफिसच्या दारातच भेटले. "फार वाईट झालं हो. पण तुम्ही कळवलेली ती नवी सोय, वा! शनिवारी अख्ख्या दिवसात एक तक्रार नाही!"

साहेबांच्या मागे मामा खोकले आणि हळूच पुटपुटले, "करणार कशावर? सगळे संगणक मेले होते. लोक गप्पा मारून घरी गेले."

धाकट्याला खोटं कौतुक पचेना. "साहेब, शनिवारी नेटवर्कच बंद होतं."

"नोंद आहे?"

"नाही."

"मग बंद नव्हतं."

तो तळघरात गेला. डब्याला तार जोडून त्याने वर्षाचं काम पुन्हा मांडलं, किल्ली घडवली, मगच जुनं दार लावलं आणि सगळं पक्कं केलं. मग तिथल्याच खुर्चीवरून नव्या वाटेने शिरून पाहिलं. अलगद आत. आता जगात कुठेही बसून त्याला काम करता येणार होतं.

मोबाइल टुणकन वाजला. तिसरा मजला.

"आता जायला नको ना?" मामांनी विचारलं. "बसल्या जागी होतं म्हणे."

"होतं," धाकटा म्हणाला आणि उठला. "पण जातो, मामा. बसायचं होतं तेवढं बसून झालं."