बॅनरची जागा

शिर्केकाकांच्या टूथपेस्टला नाव नाही. पाण्याच्या बाटलीला नाही, चहाच्या डब्याला नाही, कॅलेंडरवरच्या टायरच्या दुकानालाही नाही. सगळ्यांवर त्यांनी पांढरी टेप चिकटवली आहे. ओमानमधल्या दुक्म गावच्या रिफायनरीत हा माणूस प्रेशर गेज दुरुस्त करतो आणि कँपवरच्या खोलीत जाहिराती बुजवतो. मी त्यांचा रूम पार्टनर. एकदा टूथपेस्ट समजून मी त्यांचं गुडघ्याचं मलम ब्रशवर घेतलं, तेव्हापासून माझं आणि त्या टेपचं वैर आहे.

या वेडाचं मूळ म्हणजे काकांची वेबसाइट. मराठी टायपिंगचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कुणीही फुकट घ्यावं, आत उघडून बघावं, जमल्यास सुधारावं. ते वापरणाऱ्यांच्या शंका सोडवायला ही साइट. सर्व्हरचं भाडं काका पगारातून भरतात. ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी लॅपटॉप उघडतात. मंडळी वाट बघत असतात म्हणे.

साइटवर जाहिरातीचा एखादा बॅनर लावा, भाडं तरी सुटेल, असं मी किती वेळा सुचवलं. उत्तर ठरलेलं. "पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताटाशेजारी विमा एजंट बसवायचा? खलास. विषय बंद."

मग कंपनीने काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. महिनाअखेरीस चिपळूणला परत. पगार बंद म्हणजे भाडं बंद, भाडं बंद म्हणजे साइट बंद. मग एका संध्याकाळी भिंतीकडे बघत त्यांनी मला विचारलं, बॅनरसाठी अर्ज कुठे करतात?

अर्ज सोपा होता, काका अवघड होते. मुलीला स्थळ बघावं तशी त्यांची चौकशी. गुटखा नको, कर्ज नको, गोरं करणारं क्रीम नको, हलणारं चित्र तर मुळीच नको. खाली कोपऱ्यात, कुणाच्या पायात येणार नाही अशी जागा त्यांनी स्वतः आखून ठेवली.

शुक्रवारी जेवण झाल्यावर उत्तर आलं. जाहिरातवाल्यांनी साइट नाकारली होती. भेट देणारे फारच थोडे, आणि आहेत तेही जवळजवळ सगळे एकाच गावचे. दुक्म, ओमान.

मला हसू आलं आणि अर्ध्यातच अडकलं. दुक्ममध्ये ती साइट उघडणारा एकुलता एक माणूस माझ्यासमोर बनियनवर बसला होता.

"बरं झालं की काका," मी म्हणालो. "तुमचं तत्त्व तरी राहिलं."

"कसलं राहिलं? मी हो म्हणालो होतो ना." त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. "आणि मंडळी केव्हाच गेली रे. मला माहीत होतं. पण दार उघडं ठेवलं तर येईल कुणीतरी, असं वाटायचं."

मी कूस बदलली, मोबाइलवर पहिल्यांदाच ती साइट उघडली, भलत्याच नावाने नोंदणी केली आणि लिहिलं: नवीन आहे, मोबाइलवर हे सॉफ्टवेअर कसं बसवायचं?

काकांचा फोन वाजला. ते सावरून बसले, चष्मा पुसला, लॅपटॉप पुन्हा उघडला आणि बराच वेळ टाइप करत राहिले. उत्तर आलं. आधी स्वागत, मग सगळं सविस्तर, चित्रांसकट. आणि शेवटी एक ओळ: "आणखी काही अडलं तर संकोच करू नका, फक्त महिनाअखेरीच्या आत विचारा."

मी पुढचा प्रश्न शोधू लागलो.