पूर्णेकाठचा कोंबडा

औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दातही पडोत.

तातेरावांचा दहावा होता. सिद्धेश्वरच्या धरणाखाली, पूर्णेच्या काठी पिंड मांडला होता. त्यांची बायको चतुराबाई डोक्यावर पदर ओढून बसली होती. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण घोर दुसऱ्याच गोष्टीचा. लेकांनी आदल्या दिवशी परस्पर ठरवलं होतं, की माय सहा महिने भागवतकडं हिंगोलीला, सहा महिने विजयकुमारकडं नांदेडला, आणि घराला कुलूप. म्हैस विकतानासुद्धा तिचे दात बघतात. चतुराबाईकडं कुणी मान वर करूनही बघितलं नव्हतं.

"त्याच्या आवडीचं काही असंल तर ठिवा पिंडापाशी," भावकीतले म्हातारे पुंजाजी म्हणाले.

भागवतनं तंबाखूची डबी ठेवली आणि शेजारी बापाचा झाकणाचा मोबाईल.

कावळा आला. पिंडाकडं चोच नेली, तोच मोबाईलमधून कोंबडा आरवला. कावळा उडाला.

चतुराबाईनं ओळखलं. हा शुगरच्या गोळीचा गजर. तातेरावांना ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज पार वर ठेवलेला. भागवतनं झाकण उघडून मिटलं, तसा कोंबडा गप्प झाला. पण झाकण मिटल्यानं तो मरत नाही, नुसती डुलकी घेतो. कायमचा गप्प करायचा तर लाल बटण दाबून धरावं लागतं. हे तिला ठाऊक होतं. सांगायला तिनं तोंड उघडलंच होतं.

"गजर हाय काका," विजयकुमार म्हणाला.

"मंग सकाळपून काहून गप होता? तातेरावचा जीव अडकलाय. कावळ्याला तोच हाकलून राहिला. बोला, काय देता?"

चतुराबाईनं तोंड मिटून घेतलं.

"बा, म्हैस इकत न्हाई," भागवत म्हणाला. कावळा जवळ आला. कोंबडा आरवला. झाकण उघडलं, मिटलं.

"शेताच्या धुऱ्यावरचा लिंब तोडत न्हाई," विजयकुमार म्हणाला. पुन्हा तेच.

"अरे, लिंबाचं काय घिऊन बसला? मायचं बोला मायचं," पुंजाजी म्हणाले.

भागवतनं हात जोडले. "बा, मायला घरातून हलवत न्हाई. राहू दे तिला हितंच."

बटण दाबायचं ते आत्ता. पण नवऱ्याच्या पिंडापाशी बाईनं एकदम मोबाईलवर झडप घालणं बरं दिसत नाही, म्हणून चतुराबाई जराशी थांबली. तेवढ्यात कोंबडा आरवला.

विजयकुमारला रडू फुटलं. "बा, चुकलो. एकटी न्हाई ठिवत तिला. आमी समदेच राहाया येतो. दोघी सुना, लेकरं, सामानसुमान, समदं."

आता चतुराबाईनं झडप घातली आणि लाल बटण अंगठा पांढरा होईस्तोवर दाबलं. कोंबडा कायमचा मेला. कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

"पटलं म्हाताऱ्याला," पुंजाजी म्हणाले.

आठवड्यात दारात टेम्पो लागला. दोन फ्रिज उतरले, दोन कपाटं उतरली, दोघी सुना भांडतच उतरल्या. घर भरलं. चतुराबाईची बाज गोठ्यात गेली.

आता शपथ घेतली आहे म्हणून सांगते, कावळ्याचं तेवढं मी पदरचं घातलं. बटण दाबल्यावर तो फिरून आलाच नव्हता. पिंड कुत्र्यानं नेला. ऊन चढलं होतं, माणसं उपाशी होती. पुंजाजींनी कुत्र्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "काळं हाय ना? मंग चालतंय."